रॉबर्ट लाऊथ : निषेधांपलीकडचा व्याकरणकार

इंग्रजी व्याकरणाच्या इतिहासात रॉबर्ट लाऊथ (१७१०-१७८७) यांचे नाव बहुधा निषेधांचे जनक म्हणूनच घेतले जाते. त्यांच्या चरित्राकडे पाहता ही ओळख अपुरी ठरते.

विंचेस्टर येथे जन्मलेल्या लाऊथ यांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्डला झाले आणि १७४१ मध्ये तेथेच ते काव्याचे प्राध्यापक झाले. हिब्रू काव्यावरील त्यांची लॅटिन व्याख्याने १७५३ मध्ये ग्रंथरूपाने आली. बायबलमधील समांतर चरणरचनेचे त्यांचे विवेचन पुढील अभ्यासाचा पाया ठरले. १७७७ मध्ये ते लंडनचे बिशप झाले. १७८३ मध्ये देऊ केलेले कँटरबरीचे आर्चबिशपपद त्यांनी नाकारले.

त्यांचे इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. त्यामागे लहानग्या मुलाला भाषा शिकविण्याची प्रेरणा होती, असे अलीकडील संशोधन मानते. या ग्रंथातील बरीचशी दोषचिकित्सा तळटीपांत आहे. तीव्रतादर्शक क्रियाविशेषणांवरील आक्षेप त्यांपैकीच एक होय. ‘एक्स्ट्रीम’सारखे विशेषण ‘ली’ प्रत्ययाविना दुसऱ्या विशेषणाची तीव्रता दाखविण्यासाठी योजणे त्यांना भाषेच्या प्रकृतीशी विसंगत वाटले. त्यांनी दोष दाखविले ते ड्रायडन, क्लॅरेंडन, स्विफ्ट अशा मान्यवरांच्या गद्यातून. वस्तुतः हे प्रयोग त्या काळापर्यंत रूढ होते. शिवाय निर्दोष मानला गेलेला ‘व्हेरी’ हा शब्दही मुळात ‘खरा’ या अर्थाचे विशेषणच होता. तर्काची ही विसंगती त्या आक्षेपाची मर्यादा स्पष्ट करते.

तथापि लाऊथ यांची वृत्ती हुकूमशहाची नव्हती. वाक्यान्ती येणारे शब्दयोगी अव्यय त्यांनी बोलण्याच्या शैलीत स्वाभाविक मानले. त्यांच्या खाजगी पत्रांतही त्यांनीच सदोष ठरविलेली काही रूपे आढळतात. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या शालेय व्याकरणाने लाऊथ यांच्या ग्रंथातून विपुल उचल केली. विद्वानाची टीप अशा रीतीने विद्यार्थ्याचा नियम बनली.

मराठीच्या अभ्यासकाला यातून एक प्रश्न घेता येईल. ‘मोठी गोड मुलगी’, ‘मोठा हुशार मुलगा’ या प्रयोगांत ‘मोठा’ तीव्रता दाखवितो, पण लिंगानुसार बदलतोही. त्याला विशेषण म्हणावे की क्रियाविशेषण? उत्तर शोधताना व्याकरणाच्या चौकटीआधी प्रयोगाकडे पाहणे अगत्याचे आहे. काव्याचा मर्मज्ञ असूनही लाऊथ यांची दृष्टी नेमकी येथे उणी पडली.