काळ्या नखांचा छायाचित्रकार

एडवर्ड वेस्टन यांच्या हातांची नखे काळी पडलेली असत. ॲमिडॉल नावाच्या डेव्हलपरमध्ये वर्षानुवर्षे बोटे बुडवल्याचा तो परिणाम होता. विसाव्या शतकातील अमेरिकी छायाचित्रकलेचे अध्वर्यू म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांची ही खूण पाहुण्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे.

२४ मार्च १८८६ रोजी इलिनॉय राज्यातील हायलंड पार्क येथे वेस्टन यांचा जन्म झाला. आई लहानपणीच निवर्तली, थोरल्या बहिणीने सांभाळ केला. वडील डॉक्टर. त्यांनी १९०२ मध्ये मुलाच्या हाती कोडॅक कंपनीचा एक साधा कॅमेरा दिला आणि त्याचा जीव त्यातच गुंतला. १९०६ मध्ये कॅलिफोर्नियात आल्यावर वेस्टन दारोदार फिरून लोकांची छायाचित्रे काढू लागले. १९११ मध्ये लॉस एंजेलिसजवळ त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. तत्कालीन अभिरुचीप्रमाणे धूसर, चित्रासारखी भासणारी छायाचित्रे काढून त्यांनी पारितोषिकेही मिळवली. तेवढ्यावर समाधान मानले असते, तर संसार सुखाचा झाला असता. पत्नी फ्लोरा, चार मुलगे आणि बऱ्यापैकी नाव, सारे काही होते.

मात्र १९२३ मध्ये टीना मोदोत्ती आणि थोरला मुलगा चँडलर यांना घेऊन ते मेक्सिकोला गेले. या निर्णयाची किंमत घरच्यांनी मोजली, हे नमूद करायलाच हवे. १९२६ मध्ये ते परतले, तोवर धूसरपणा पार गळून पडला होता. शिंपले, ढोबळी मिरची, कोबीची पाने अशा वस्तूंकडे ते शिल्पकाराच्या नजरेने पाहू लागले. १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली ढोबळी मिरची आज जगभरच्या कलारसिकांना ठाऊक आहे.

आपल्याकडील जुन्या फोटो स्टुडिओंतला लाल दिवा आणि हायपोचा उग्र वास ज्यांना आठवतो, त्यांना वेस्टन यांची डार्करूम पाहून नवल वाटले असते ते तिच्या साधेपणाचे. १९३८ मध्ये कार्मेलजवळच्या वाइल्डकॅट टेकडीवर मुलगा नील याने बांधलेल्या लाकडी घरात ते राहू लागले. त्यांच्या डार्करूममध्ये छताला टांगलेला एक उघडा बल्ब, काचेची चौकट आणि रसायनांचे ट्रे एवढाच सरंजाम असे. त्यांचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांचा. निगेटिव्ह जेवढी, तेवढेच चित्र. मोठे करण्याचा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून चौकटीत दाबायची, बल्ब काही क्षण लावायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा.

वर्णनाला सोपी वाटणारी ही कृती प्रत्यक्षात हाताच्या कसबावर तोललेली होती. सावलीचा भाग गरजेपेक्षा काळवंडणार असेल, तर बल्ब आणि चौकट यांच्यामध्ये हात धरून तेवढ्यापुरता प्रकाश अडवावा लागे. हात सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर कडेची रेघ उमटे. कोठे किती क्षण, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. कागदावर काय उतरणार हे छायाचित्र टिपण्यापूर्वीच डोळ्यांपुढे असले पाहिजे, असा वेस्टन यांचा आग्रह होता.

१९३७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. नेमक्या त्याच सुमारास पार्किन्सनच्या विकाराने त्यांना गाठले. ज्या हातावर सारी मदार, तोच हात थरथरू लागला. १९४८ मध्ये लाडक्या पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर त्यांनी अखेरचे छायाचित्र टिपले. वय अवघे बासष्ट, आणि पुढे जवळजवळ दहा वर्षांचे आयुष्य बाकी.

निगेटिव्ह शाबूत होत्या, डोळेही शाबूत होते. उसना हवा होता तो केवळ हात. तो दुसरा मुलगा ब्रेट याने दिला. १९५२ ते १९५५ या काळात निवडक सुमारे ८३० निगेटिव्हच्या प्रत्येकी आठ प्रती काढण्याचे काम चालले. धाकटा कोल आणि इतरांचेही त्याला साह्य होते. पित्याने पाहायचे, पसंती सांगायची आणि पुत्राने पुन्हा अंधारात शिरायचे, असा तो क्रम होता.

१ जानेवारी १९५८ रोजी वाइल्डकॅट टेकडीवरील घरीच वेस्टन यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पॉइंट लोबोसच्या सागरात विसर्जित करण्यात आल्या. त्या किनाऱ्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. कोल नंतरही अनेक वर्षे वडिलांच्या निगेटिव्हवरून प्रती काढत राहिला. स्वतः नामवंत छायाचित्रकार झालेल्या ब्रेटचे मत मात्र वेगळे बनले. निगेटिव्हची प्रत ज्याची त्यानेच काढावी, असे तो मानू लागला. १९९१ मध्ये आपल्या ८०व्या वाढदिवशी त्याने स्वतःच्या बहुतेक साऱ्या निगेटिव्ह घरच्या शेकोटीत टाकल्या.