डॉ. चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे कुत्रे

आमच्या टेबलावर पेन्शनरांची चिकित्सा प्रतिपूर्तीची बिले येतात. आपल्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांचेही येते, दर तीन महिन्यांच्या हार्मोन इंजेक्शनचे. कंबरदुखी म्हणून काकांनी वर्षभर अंगावर काढले. लघवीचा त्रास घरीही सांगितला नाही. कळले तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. या इंजेक्शनाचे मूळ शोधताना आम्हाला डॉ. हगिन्स भेटले.

चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ चा, कॅनडातील हॅलिफॅक्सचा. हार्वर्डहून डॉक्टर होऊन १९२७ साली ते शिकागो विद्यापीठात लागले. तिथे मूत्ररोगांचे काम गळ्यात पडले आणि तो विषय त्यांनी पुस्तकावरून शिकून घेतला. (टेबल बदलले की आम्हीही हेच करतो, नोबेल मात्र मिळत नाही!)

म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा त्रास माणसासारखा कुत्र्यालाही होतो. हगिन्स यांनी शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या प्रोस्टेटचा स्राव मूत्रात न मिसळता वेगळा जमेल अशी सोय केली. आता तो मोजता येऊ लागला. वृषणे काढली की स्राव आटे. टेस्टोस्टेरॉन टोचले की परत सुरू होई, आणि त्यावर स्त्री-हार्मोन दिले की पुन्हा घटे. काही कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये आधीच गाठी होत्या, त्यामुळे मोजमाप बिघडे आणि ते वैतागत. पण हार्मोनचा पुरवठा तोडल्यावर त्या गाठीच आकसल्या! अडचण वाटत होती तेच उत्तर निघाले.

१९४१ मध्ये क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी हे माणसांत दाखवले. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज वाढलेले असे. वृषणे काढल्यावर किंवा स्टिल्बेस्ट्रॉल दिल्यावर ते उतरले. वेदनेने खाटेला खिळलेले काही जण उठून बसले. कॅन्सरची पेशी कोणाचेच ऐकत नाही, असा तेव्हाचा समज होता. तो इथे मोडला.

उपचार सोपा नव्हता. वृषणे काढणे पुरुषाला किती जड जाते ते सांगायला नको, आणि बऱ्याच जणांत रोग काही काळाने उलटे. मग हगिन्स यांनी मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून पाहिल्या. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कॅन्सरचेही हार्मोनशी असलेले नाते तपासले. १९५१ पासून १९६९ पर्यंत ते बेन मे प्रयोगशाळेचे संचालक होते, पण प्रयोग स्वतःच्या हातांनी करायचे. संचालकाने टेबलाशी बसून काम करावे, हे आम्हाला फार आवडले.

नोबेल १९६६ साली पेटन राउस यांच्यासह मिळाले, मूळ कामानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी. पत्नी मार्गारेट १९८३ मध्ये गेल्या, आणि स्वतः हगिन्स १२ जानेवारी १९९७ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, शिकागोत.

काकांचे सातवे बिल श्रावणात आले. या वेळी ते आवाज न चोरता, भरल्या कचेरीत, आजाराचे नाव घेऊन बोलले. बिल पास करून पाठवले आहे.