विमान पडलं? आधी तुकडे गोळा करा!

चार महिने खपून टीमनं रिमोटचं विमान बनवलंय. वर्गणी काढून मोटर आणली, रात्र-रात्र जागून बाल्साचे पंख कापले. कॉलेजच्या ग्राउंडवर सगळे मोबाइल काढून उभे. विमान उडतं, एक झक्कास वळण घेतं आणि... नाक खाली! सगळं खल्लास. मग सुरू होतं, 'तूच नीट चेक केलं नव्हतंस!'

ओळखीचं वाटतंय ना? मग तुम्ही ऑर्व्हिल राइटला भेटायलाच हवं. पहिलं विमान उडवणारा म्हणून तुम्ही त्याला ओळखता. पण विमान पडल्यावर काय करायचं, हेही त्याच्याकडूनच शिकावं.

१८७१ साली अमेरिकेतल्या डेटन गावात तो जन्मला. सात वर्षांचा असताना वडिलांनी एक उडतं खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि रबर बँडचं. ते मोडलं. ऑर्व्हिल आणि मोठा भाऊ विल्बर यांनी स्वतःच तसलीच खेळणी बनवायला घेतली. मोठं केलं की जास्त उडेल, हा त्यांचा हिशोब मात्र सपशेल चुकला. मोठी खेळणी धड उडेचनात!

पुढे शाळा अर्धवट सोडून छपाईचा धंदा, मग भावासोबत सायकलचं दुकान. १९०१ मध्ये त्यांचं ग्लायडर अपेक्षेइतकं उचललं जाईना. विल्बर तर पार खचला होता. मग दोघांनी दुकानात लाकडी पेटीचा वाऱ्याचा बोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यात तपासले. ज्या जुन्या आकडेवारीवर भरवसा ठेवला होता तीच जुळत नाही, हे तिथं कळलं.

१९०३ च्या हिवाळ्यात किटी हॉकला इंजिन बसवलेलं विमान तयार होतं. तेवढ्यात पंख्याच्या दांड्याला तडा गेला. ऑर्व्हिल डेटनला गेला, नवे पोलादी दांडे बनवून घेऊन आला. १४ डिसेंबरला विल्बरनं प्रयत्न केला. विमान उचललं गेलं आणि लगेच आपटलं. पुन्हा दुरुस्ती. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल उडाला, १२ सेकंद, १२० फूट! त्याच दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यानं उभं विमान उलथवलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही.

पण खरी परीक्षा पुढेच होती. १७ सप्टेंबर १९०८. फोर्ट मायरला लष्करासमोर चाचणी. सोबत २६ वर्षांचा लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. हवेत असताना पंख्याचं पातं तडकलं, त्याचा फटका मागच्या सुकाणूच्या तारेला बसला आणि विमान कोसळलं. सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो जगातला पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या.

विल्बर तेव्हा फ्रान्समध्ये. बहीण कॅथरीन शिक्षिका होती. ती नोकरी बाजूला ठेवून आली आणि कित्येक आठवडे त्याच्या उशाशी राहिली. आणि ऑर्व्हिल? त्यानं विमानाचे मोडके तुकडे हॉस्पिटलमध्ये मागवले. आधी काय तुटलं, त्यामुळे पुढे काय तुटलं, हे पलंगावर पडल्या-पडल्या जुळवलं. तिथं 'कुणामुळे' हा प्रश्न नव्हता, 'कशामुळे' हा होता.

पुढच्या वर्षी तो त्याच मैदानावर परतला. जुलै १९०९ मध्ये एका अधिकाऱ्याला सोबत घेऊन तासाभराहून जास्त उडाला. लष्करानं विमान विकत घेतलं. सेल्फ्रिज मात्र परत येणार नव्हता, आणि ऑर्व्हिलचं दुखणं १९४८ साली मरेपर्यंत त्याची सोबत करत राहिलं. सगळंच दुरुस्त होत नाही, मित्रांनो.

तुमचं विमान मात्र होतं! म्हणून पडलं की आधी बॅटरी काढा, फोटो घ्या, तुकडे एका खोक्यात भरा. बारीकसा स्क्रूसुद्धा टाकू नका. वाईट वाटतंय? वाटू द्या. त्या रात्री भांडू नका, वडापाव खा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी खोकं उघडा आणि सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारा : आधी काय तुटलं?