बॉड रेट हे नाव आलं कुठून? एका शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट

जव्हार तालुक्यातल्या दाभोसा गावात, घरीच मी झेड-८० प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर जोडलाय. मोबाइलला ओटीजी केबल लावली, सिरीयल टर्मिनल ॲपमध्ये बॉड रेट ११५२०० ठेवला आणि स्क्रीनवर आला नुसता कचरा! टीएक्स-आरएक्स वायर उलट्या असत्या तर काहीच दिसलं नसतं. म्हणजे वायरिंग बरोबर, गडबड वेगाची. हा वेग ज्यांच्या नावाने मोजतात, ते कोण होते?

शेतातून तार खात्यात

एमिल बोदो. जन्म ११ सप्टेंबर १८४५, फ्रान्समधल्या एका खेड्यात. वडील शेतकरी. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, मग शेतातच काम. १८६९ मध्ये ते तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. तिथे मोर्स शिकले, ह्यूजचं अक्षरं छापणारं यंत्रही शिकले. मधे युद्ध झालं, त्यातही थोडा काळ गेला.

पॅरिसला परतल्यावर त्यांना एक गोष्ट खटकली: दोन अक्षरांच्या मधे तार रिकामीच पडून असते. खात्याने प्रयोग करायला प्रोत्साहन दिलं, पण ड्युटी सांभाळून, स्वतःच्या वेळेत!

पाच बिटांची कमाल

१८७४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. प्रत्येक अक्षराला सारख्या लांबीचे पाच संकेत, म्हणजे ३२ जोड्या. आजच्या भाषेत ५ बिट. शिवाय एक फिरणारा डिस्ट्रिब्युटर एकच तार अनेक ऑपरेटरांना आळीपाळीने वाटून द्यायचा.

अट एकच: दोन्ही टोकं एकाच तालात चालली पाहिजेत. ऑपरेटरलाही पाच कळा यंत्राच्या ठोक्यावरच दाबाव्या लागायच्या. ताल चुकला की अक्षर चुकलं.

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर ही यंत्रणा सुरू झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. २८ मार्च १९०३ रोजी बोदो गेले. पुढे वेगाच्या एककाला त्यांच्या नावावरून बॉड म्हणू लागले.

माझा ताल कुठे चुकला?

माझी ६८५० सिरीयल चिप क्रिस्टलच्या वेगाला ६४ ने भागते. ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर बरोबर ११५२०० येतात. मी घाईत ८ मेगाहर्ट्झचा बसवला होता. त्याचे होतात १२५०००, म्हणजे साधारण ८.५ टक्के जास्त. दर अक्षराला स्टार्ट बिटपासून मोजणी नव्याने सुरू होते, पण आठव्या बिटपर्यंत जवळपास पाऊण बिटाचा फरक पडतो. मग कचराच येणार ना!

भर पावसात नवा क्रिस्टल मागवायचा म्हणजे आठवडा गेला असता. ॲपमध्ये कस्टम बॉड रेट १२५००० टाकला आणि स्वच्छ इंग्रजी अक्षरं उमटली.

तर मित्रांनो, तुमच्याही स्क्रीनवर कचरा आला तर लगेच वायरी उपटू नका. आधी क्रिस्टलवरचा आकडा वाचा, भागाकार करा. बोदोंचा नियम आजही तोच आहे: दोन्ही टोकांचा ताल जुळला पाहिजे.