एमिल बोदो : पाच कळांचा शिल्पकार

तारायंत्र म्हटले की मोर्सचे नाव आठवते. परंतु संगणकातील अक्षरांचे मूळ शोधू गेल्यास आपण एका फ्रेंच शेतकऱ्याच्या मुलापाशी पोहोचतो. त्यांचे नाव एमिल बोदो.

११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधील मान्यो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. काही काळ वडिलांच्या शेतीत राबून १८६९ मध्ये ते तारखात्यात उमेदवार म्हणून लागले. नोकरी सांभाळून, स्वतःच्या वेळेत त्यांनी नवे यंत्र घडविले व १८७४ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी कमीजास्त असते. बोदोंनी प्रत्येक अक्षराला पाचच खुणा दिल्या. पाच कळा, प्रत्येक दाबलेली किंवा सोडलेली. अशा ३२ जुळण्या होतात. फिरत्या वाटपयंत्रामुळे एकाच तारेवर अनेकांना आळीपाळीने संदेश पाठविता येई. १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर हे यंत्र चालू झाले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यास सुवर्णपदक मिळाले.

या ३२ जुळण्यांत एक अशी, की जिच्यात पाचही कळा मोकळ्या. खतावणीत कोरी सोडलेली जागा आणि मांडलेले शून्य यांत जो फरक, तोच येथे. काही न छापणारी ही जुळणीही मोजावीच लागते. पुढे १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी या लिपीची फेररचना करून छपाईचा गाडा परत आणणे व कागद एक ओळ सरकविणे यांसाठीही खुणा ठरविल्या. १९६३ च्या ‘आस्की’ संकेतात शून्यचिन्हाला ०, ओळ सरकविण्याला १० व गाडा परतण्याला १३ हे क्रमांक मिळाले.

या अदृश्य खुणा आजही चकवितात. ‘सी’ भाषेत शून्यचिन्ह म्हणजे मजकुराचा शेवट. म्हणून ‘विम’ या संपादकात ओळीमधले शून्यचिन्ह १० क्रमांकाच्या खुणेने साठवितात. ओळी वेगवेगळ्या ठेवल्या जात असल्याने ओळीच्या पोटात ती खूण मोकळीच असते. ओळ वाचून देणारे फंक्शन तीच खूण हाती देते. फाइल लिहिताना तिचे पुन्हा शून्यचिन्ह होते. हा करार ज्याला ठाऊक नाही, तो शून्यालाच ओळीचा शेवट समजून मजकूर मधेच तोडतो.

बोदोंना प्रकृतीने कधीच साथ दिली नाही. १८९० मध्ये विवाह झाला आणि अवघ्या तीन महिन्यांत पत्नी निवर्तली. २८ मार्च १९०३ रोजी सो येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. संदेशवहनाच्या वेगाचे ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावाचे. पदवी नसलेल्या या कारकुनाने, काही न छापणाऱ्या जुळणीलाही अक्षरांच्या पंक्तीत जागा दिली. त्यांचा हिशेब आजही चालू आहे.