संताजी घोरपडेंचं कॅरेक्टर शीट भरायला घेतलं आणि सगळा खेळच अडकला

रविवारी दुपारी हातकणंगल्यात एका मित्राच्या माडीवर आम्ही पाचजण जमतो. समोर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. बघणाऱ्याला वाटतं जुगार चाललाय. पण विषय वेगळा आहे. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी हा खेळ आणला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. योद्धा, जादूगार, पुजारी असं काहीतरी. एकजण गोष्ट चालवतो, तो मास्टर. आपलं पात्र काय करणार हे आपण तोंडानं सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप, अशा सहा गुणांचे आकडे कागदावर मांडलेले असतात. आम्ही वापरतो त्या पद्धतीत हे गुण विकत घ्यायला २७ पॉइंट मिळतात. ताकदीवर उधळले की दुसरीकडं हात आखडायला लागतो. यालाच बॅलन्स म्हणतात.

तर झालं असं की, आमच्यातल्या एका गड्यानं जाहीर केलं, माझा योद्धा म्हणजे सेनापती संताजी घोरपडे.

मास्टरनं जागेवर नकार दिला. त्याचं म्हणणं, संताजी टेबलावर आले की बाकीच्यांनी काय शेंगा सोलत बसायचं? या खेळात योद्ध्याचं दुखणं खरं तर उलटं असतं. सुरवातीला तो सगळ्यांना भारी पडतो, पण जादूगाराला आगीचे गोळे टाकता यायला लागले की बिचारा योद्धा तलवार घेऊन मागं उभा राहतो. इथं मात्र योद्धाच सगळ्यांना पुरून उरणार होता.

वाद वाढला आणि शेवटी संताजींचं आयुष्यच काढून बसायला लागलं. बरं, नाव काही परकं नाही. आमच्याच तालुक्यातल्या इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेव जोशी संताजींच्या पदरी वाढले आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी आपलं आडनावच घोरपडे करून टाकलं. संताजींची थेट गादी कागल तालुक्यातल्या कापशीची. म्हणून तिला आजही सेनापती कापशी म्हणतात.

संताजींची गोष्ट खऱ्या अर्थानं पेटते ती १६८९ साली. फेब्रुवारीत संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. त्या झटापटीत संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. मार्चमध्ये महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निसटून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले. राजधानी रायगड मोगलांनी घेतली. खजिना नाही, मोठी फौज नाही आणि समोर औरंगजेबाची अवाढव्य छावणी.

अशा वेळी संताजी त्या छावणीतच घुसले. सोबत विठोजी चव्हाण आणि निवडक स्वार होते. बखरी सांगतात की त्यांनी बादशाहाच्या तंबूचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस काढून आणले. बादशाह त्या रात्री दुसऱ्या तंबूत होता म्हणून वाचला, असंही सांगतात.

इथं आमच्या मास्टरनं एक चांगला मुद्दा काढला. खेळात जड चिलखत घातलं की वार लागणं अवघड होतं, पण दबक्या पावलानं चालणं जवळपास अशक्य होतं. मोगल फौज म्हणजे नखशिखांत चिलखत घातलेला योद्धा. हत्ती, तोफा, तंबू, बाजार, सामानाचे उंट, सगळं बरोबर. मराठा स्वाराकडं घोडा, भाला, तलवार आणि खोगिराला बांधलेली भाकरी. समोरासमोर उभं राहिलं तर पहिला जिंकणार. म्हणून दुसऱ्यानं समोर उभंच राहायचं नाही.

पण संताजी म्हणजे नुसतं मारा आणि पळा, असं धरलं तर आपण चुकतो. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखानासारखा बडा सरदार मराठ्यांनी कुटुंबासकट पकडला, त्यात ते होते. १६९१ च्या सुमाराला ते सेनापती झाले. डिसेंबर १६९२ मध्ये त्यांनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान कैद केला आणि खंडणी वसूल करून सोडला. तिकडं जिंजीला वेढा घालून बसलेल्या झुल्फिकारखानाची रसद तोडून वेढा घालणाऱ्यालाच अडकवून ठेवलं.

आणि मग दोड्डेरी. कर्नाटकात चित्रदुर्गच्या मुलखात, नोव्हेंबर १६९५. ही लढाई मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा वाटलं, हे कुणीतरी खेळाच्या टेबलावर बसून रचलंय.

संताजींना अडवायला बादशाहानं कासिमखानाला पाठवलं. मदतीला खानाजादखान आणि आणखी नावाजलेले सरदार दिले. कासिमखानाचे तंबू आणि सामान मुक्कामाच्या पुढच्या जागी आधीच रवाना झालं होतं. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एक सामानावर गेला, दुसरा मुख्य फौजेशी भिडायला आणि तिसरा राखीव. सामान लुटल्याची बातमी कळताच मोगलांची एक तुकडी तिकडं धावली आणि वाटेत दुसऱ्या भागाच्या तावडीत सापडली. लढाई रंगात आली तेव्हा राखीव तुकडी मागं राहिलेल्या छावणीवर तुटून पडली.

शिवाय चित्रदुर्गच्या बरमप्पा नायकाचे बंदूकवाले प्यादे संताजींच्या बाजूनं होते. निशाण्याला पक्के. म्हणजे वेगवान घोडदळाला जे जमत नाही, ते काम त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. आमच्या भाषेत सांगायचं तर पार्टी नीट बांधली होती.

मोगल दोड्डेरीच्या छोट्या गढीत शिरले. आत दाणापाणी थोडं. काही दिवसांत घोडे, उंट छपराचं गवत खायला लागले. कासिमखानाला अफूची सवय होती, तीही मिळेना. तो तिथंच मेला. कुणी म्हणतं अफूवाचून, कुणी म्हणतं विष घेऊन. शेवटी खानाजादखानानं हात टेकले. २० लाखांची खंडणी ठरली, हत्ती, घोडे, सामान, सगळं सोडायचं. आणि हे झाल्यावर संताजींनी त्याच उपाशी शत्रूला खायला प्यायला दिलं.

दोनच महिन्यांनी, जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान गोळी लागून पडला. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान संताजींचा मित्र नव्हे. पण त्यानंही कबूल केलंय की यांच्यासमोर जो गेला तो मेला, घायाळ झाला, कैद झाला किंवा फौज गमावून कसाबसा जीव घेऊन परतला.

इथवर ऐकून मास्टर म्हणाला, बघा, मी काय सांगत होतो?

पण पुढचं वर्ष राहिलं होतं.

खाफीखान आणखी एक गोष्ट लिहितो. संताजींची शिस्त भयंकर कडक होती. किरकोळ चुकीलाही हत्तीच्या पायाखाली देण्याची शिक्षा. आता विचार करा, फौजेचे तीन भाग ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचतात, सामान लुटणारा लुटीत रमत नाही, राखीव तुकडी घाई करत नाही. हे अशा शिस्तीशिवाय कसं होणार? पण त्याच काळात राजाराम महाराजांना सरदार टिकवण्यासाठी वतनं द्यावी लागत होती, कारण तिकडून बादशाहही देत होता. जो माणूस आज रागावला तर उद्या मोगलांकडं जाऊ शकतो, त्याला संताजी धाकात ठेवत होते.

महाराजांशी १६९३ मध्येच एकदा बिनसलं होतं, मग मिटलं. धनाजी जाधवांशी चुरस होतीच. १६९६ मध्ये गोष्ट हातघाईवर आली. आयेवारकुटीला संताजी आणि धनाजी समोरासमोर आले आणि महाराज धनाजींच्या बाजूला होते. आपसातली ही लढाईही संताजींनी जिंकली. अमृतराव निंबाळकर हाती लागले, त्यांना हत्तीच्या पायाखाली दिलं. महाराजही त्यांच्या ताब्यात आले होते आणि दुसऱ्या दिवशी संताजी स्वतःचे हात बांधून त्यांच्यापुढं उभे राहिले, असं जुन्या तवारिखांत येतं. खरं असेल तर माणूस कळायला ही एवढी एक गोष्ट पुरे. पण सेनापतिपद गेलं ते गेलंच.

१६९७ मध्ये धनाजींशी पुन्हा गाठ पडली. या वेळी संताजींचेच लोक फुटून पलीकडं गेले. मूठभर माणसांनिशी ते माणदेशाकडं निघाले. म्हसवडचे नागोजी माने यांच्या बायकोचे भाऊ म्हणजे ते अमृतराव निंबाळकर. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर आंघोळ करत असताना संताजींना गाठून मारलं. शिर बादशाहाकडं गेलं आणि नागोजी पुन्हा मोगलांच्या चाकरीत.

माडीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या गड्यानं शीट पुढं ओढलं. त्याला वाटलं होतं, छाप या गुणाला सगळ्यात कमी आकडा देऊ, म्हणजे बॅलन्स झाला. मास्टर मात्र म्हणाला, असं नाही चालायचं, शत्रूला घाम फोडणाऱ्या माणसाची छाप कमी कशी? त्यापेक्षा नियम असा करू. शिस्तीच्या जोरावर संताजींची फौज कुठलाही डाव बिनचूक करेल. पण डाव साधला की दर वेळी एक फासा मास्टर टाकणार, लपवून. आपल्याच लोकांतलं कोण दुखावलं, ते त्यात ठरणार. खेळणाऱ्याला ते सांगायचं नाही.

गड्यानं कुरकुर केली, पण घेतलं. पहिल्याच दिवशी तीन लढाया मारल्या. मास्टरनं पडद्याआड तीन फासे टाकले आणि वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी सगळे कुरुंदवाडला जायचं म्हणतायत. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर संताजींची समाधी आहे, आमच्यातल्या दोघांनी ती अजून पाहिलेली नाही.