पैठणी, नथ आणि अंबाडा : ही फॅशन लावून गेलेले बालगंधर्व

आदिलाबाद (प्रतिनिधी) : लग्नसराई आली की आपल्या गावातल्या ब्यूटी पार्लरवाल्यांना जेवायलासुद्धा फुरसत नसते. फंक्शन हॉलमध्ये संध्याकाळी रिसेप्शन असलं की दुपारपासूनच पोरींची रांग लागते. हल्ली मागणी आहे ती जुन्या जमान्याच्या लूकची. नऊवारी किंवा पैठणी, नाकात मोत्याची नथ, अंबाड्याभोवती गजरा, कपाळावर चंद्रकोर, खांद्यावर शेला. दागिने वन ग्राम गोल्डचे असले तरी चालतात, पण घाट जुनाच पाहिजे. आता तर नुसत्या हळदीकुंकवाला, बारशाला, एवढंच काय शाळेच्या गॅदरिंगलाही बायका असं नटून येतात. आणि दिसतंही छान, त्यात खोटं काय.

यातल्या किती जणींना माहीत असेल कोण जाणे, पण बाईनं रुबाबात नटावं कसं, पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर फूल कुठं माळावं, हे शंभर वर्षांपूर्वी मराठी बायका एका पुरुषाकडं बघून शिकल्या. त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. जग त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतं.

जन्म २६ जून १८८८ चा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं नागठाणे. घरची परिस्थिती बेताचीच, पण पोराचा गळा देवाघरचा. लहानपणीच पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि बालगंधर्व हे नाव टिळकांकडूनच मिळालं, ते जन्मभर चिकटलं. पुढं कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानावर हा गळा गेला. पोराला ऐकायला कमी येत होतं. महाराजांनी मिरजेत त्याच्या कानाचा इलाज करवला आणि किर्लोस्कर नाटक मंडळीकडं त्याला लावून दिलं. १९०५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतला होऊन उभा राहिला.

त्या काळी घरंदाज बाईनं रंगभूमीवर जाणं म्हणजे घराण्याला बट्टा, त्यामुळं नाटकात बायकांची कामं पुरुषच करत. त्याला स्त्रीपार्टी म्हणत. आपल्या भागाला यात नवल वाटायचं कारण नाही. दिवाळीत गोंड बांधवांची दंडारी गावोगाव फिरते, तिच्यात लुगडं नेसून पोरीक झालेली पोरं नाचतात, आणि ते बघत आपण लहानाचे मोठे झालो. तमाशात नाच्या होता, नाटकात स्त्रीपार्टी होती. बालगंधर्वांच्या आधी किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर होऊन गेले, त्यांच्या गाण्यावरही लोक वेडे होते. मग बालगंधर्वांचंच असं वेगळं काय झालं?

झालं असं की त्यांनी बाई नुसती गायली नाही, ती घडवली. शकुंतला, सुभद्रा, ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना, ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, ‘संशयकल्लोळा’तली रेवती. प्रत्येकीचं लुगडं वेगळं, दागिना वेगळा, चालणं वेगळं. तोंडाला सफेदा आणि हिंगूळ फासून मोकळं व्हायचं, ही जुनी नाटकी रीत त्यांच्या रंगपटात चालत नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या बाईला ही आपल्याच घरातली, पण आपल्यापेक्षा जरा सुंदर बाई वाटली पाहिजे, असा तो मेकअप असायचा. कपडेपटात शालू आणि पैठण्या अस्सल. अत्तरसुद्धा उंची. रंगमंचावर बसलेल्यांना अत्तराचा वास येत नाही, असं कुणी हिशोबनीस म्हणाला असता तर त्याची नोकरी गेली असती बहुतेक.

आणि मग मुंबई-पुण्याच्या बायका नाटक बघून घरी जायच्या आणि आरशासमोर उभ्या राहायच्या. बालगंधर्वांसारखं नेसायचं, तसाच अंबाडा, तशीच फुलं, तशाच दागिन्यांची सोनाराकडं मागणी. त्यांचे स्त्रीवेशातले फोटो घरोघर गेले. साबण आणि पावडरच्या जाहिरातीतही त्यांचा चेहरा झळकला. आज हिरोईन जे काम करते, ते त्या काळी एक पुरुष करत होता.

माझ्या पणजीचं माहेर अमरावतीकडचं. लग्नाआधी तिनं बालगंधर्वांचं नाटक बघितलेलं, असं आमच्या घरात सांगतात. लग्न होऊन ती पैनगंगेच्या अलीकडं आली. तेव्हा हा मुलूख निजामाचा, किनवट आणि राजुरा हे तालुकेसुद्धा १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. इथं सासरी तिनं एकदा बाजाराच्या दिवशी अंबाड्यावर फुलांची वेणी घातली, तर सासूनं तिला नाटकवाली म्हणून आठवडाभर बोल लावले. पणजीनं वेणी सोडली नाही. म्हातारपणी केस विरळ झाले तरी एखादं शेवंतीचं फूल खोवायचीच. साध्या दिवशी नटायचं म्हणजे त्या पिढीतल्या बायकांना एवढं ऐकून घ्यावं लागत होतं. आज पार्लरमध्ये पाचशे रुपये टाकले की काम होतं.

तर परत बालगंधर्वांकडं. १२ मार्च १९११ ला मुंबईत काकासाहेब खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करायला कुणी नाही म्हणालं नसतं. ते उभे राहिले, तोंडाला रंग लावला, भामिनीचे दागिने अंगावर चढवले आणि प्रयोग केला. या प्रसंगाचं कौतुक आजवर पुष्कळांनी केलंय. मला मात्र दर वेळी त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची आठवण येते. त्या दिवशी त्या माउलीजवळ कोण बसलं असेल?

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघं किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. गाण्याचे गुरू भास्करबुवा बखले, तबल्याला पुढं अहमदजान थिरकवाँसारखा उस्ताद. कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे मोठ्या लग्नघरासारखं. रोज पंगती उठायच्या, येणारा-जाणारा जेवूनच जायचा. थोड्या वर्षांत टेंबे आणि बोडस दोघंही कंपनी सोडून गेले आणि सगळा भार एकट्या बालगंधर्वांवर आला.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळं माझं लक्ष इथं जरा जास्त जातं. धंदा तुफान होता. नाटकाला गर्दी मावत नव्हती. पण आलेला पैसा कपडेपटात, पडद्यांत, गालिच्यांत, पंगतीत आणि अत्तरात जात होता. मालकाला वही उघडायची सवय नव्हती. १९२० मध्ये ‘द्रौपदी’ आलं, त्यातल्या मयसभेच्या देखाव्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. नाटक काही त्या खर्चाच्या मानानं चाललं नाही. वही उघडली तेव्हा कर्जाचा आकडा लाखाच्या वर होता. १९२१ च्या काळातले लाख म्हणजे काय, हे कापूस विकून पट्टी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि गंमत बघा, त्याच १९२१ साली, ८ जुलैला, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. तिकिटाचे दर ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले, तरी थिएटर भरलं. ते सगळे पैसे देशकार्याला गेले. स्वतःच्या डोक्यावर कर्ज बसलेला माणूस दुसऱ्यासाठी नटून उभा होता. त्यानंतर तीनेक महिन्यांत केशवराव वारले, म्हणून त्या प्रयोगाच्या आठवणी लोकांनी अजून जपल्यात.

कर्जातून सुटायचे सोपे रस्ते होते. हात वर करता आले असते. बालगंधर्वांनी तसं केलं नाही. गावोगाव प्रयोग करत, कंपनीचं उत्पन्न सावकारांच्या हवाली करत पुढच्या काही वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडलं. ज्या पैठणीनं कर्जात टाकलं, तीच नेसून ते फेडलं, असंच म्हणावं लागेल. दौलतजादा करणारे नट पुष्कळ झाले, घेतलेलं देणारे थोडे.

एक गोष्ट राहूनच गेली. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व मंडळीनं रंगभूमीवर आणलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले होते, त्यांना ते बघायला मिळालं नाही. त्यात बालगंधर्व सिंधू झाले. सिंधूचा नवरा सुधाकर दारूत बुडतो, घर धुळीला मिळतं, आणि ती दुसऱ्याचं दळण दळून पोर जगवते. अंगावर नथ नाही, शालू नाही. ज्या नटाचा थाट बघायला लोक तिकीट काढायचे, तोच फाटक्या लुगड्यात जात्यापुढं बसलेला. थिएटरात बायका हुंदके द्यायच्या. माझ्या मते बालगंधर्वांचं सगळ्यांत मोठं काम हेच. नुसत्या जरीवर तो माणूस उभा नव्हता, हे तिथं कळतं. दारूनं उठलेली घरं आपल्याकडं काही कमी नाहीत, त्यामुळं सिंधू आजही ओळखीची वाटते.

पुढं काळ फिरला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि त्यात राणी म्हणून दुर्गा खोटे दिसल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली. हिराबाई बडोदेकर तर त्याआधीपासून रंगभूमीवर होत्या. खरी बाई समोर आल्यावर स्त्रीपार्टीचं काय काम राहणार? त्यात वय पन्नाशीकडं झुकलेलं, शरीर सुटलेलं. कंपनीला पुन्हा कर्ज झालं आणि ती बंद पडली. १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथ केलं. पुरुषाच्या वेशात. काम वाईट नव्हतं, पण बालगंधर्वांचा जीव सिनेमात रमला नाही आणि ते पुन्हा नाटकाकडं आले.

याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. विजापूरकडच्या, उत्तम गाणाऱ्या. सिनेमात नाव काढलेल्या अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या बहीण. बालगंधर्वांचं गाणं त्यांनी आधी तबकड्यांवरून उचललं होतं, आता त्या त्यांच्याच नाटकांत उभ्या राहिल्या. १९४० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या आणि पुढं गोहरबाईंशी त्यांनी लग्न केलं. इथं मात्र चाहते बिथरले. एका पुरुषाला बाई म्हणून डोक्यावर घेणाऱ्या लोकांना एक खरीखुरी बाई, तीही मुसलमान, त्यांच्या शेजारी बघवेना. बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं सगळं खापर गोहरबाईंवर फोडलं गेलं. वही न बघणारा मालक, बदललेला प्रेक्षक, सिनेमा, हे सगळं बाजूला राहिलं. बालगंधर्वांचे पाय गेले, चालता येईना, तेव्हा त्यांना सांभाळलं ते याच बाईनं. १९६४ साली त्या गेल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता.

शेवटची वर्षं ओढगस्तीची गेली. बसून भजनं म्हणायचे, कुणी बोलावलं तर गायचे. गळ्यात पूर्वीचा दम नव्हता, तरी ऐकायला लोक यायचे. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर बांधायला घेतलं होतं, त्याची सुरुवात १९६२ मध्ये त्यांच्याच हातून झाली होती. ते उघडलं २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी. बघायला ते नव्हते. पुण्याला कुणाच्या ॲडमिशनसाठी, नोकरीसाठी गेलात तर तिथं जरूर जा. आत चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात बालगंधर्व पुरुषाच्या वेशात आहेत आणि दुसऱ्यात बाईच्या, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सोबतच्या पोराबाळांना सांगावं लागतं.